वल्ह्याचं पाणी

बाई, तुम्हाला माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि तरी तुम्ही तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवलात. हे मला कळून आज नऊ दिवस झाले. अजून चहा ओतताना लक्ष राहत नाही, अर्धा ओट्यावर सांडतो. घरात विचारतात, बरं नाही का. मी म्हणते, गावाकडच्या उन्हाचा त्रास झाला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी येऊ शकले नव्हते. आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं, गळ्यात हार, कपाळावर भस्म, असं आईनं फोनवर सांगितलं होतं. "आत्ता हजेरी घेतील अशा दिसत होत्या गं," म्हणाली. त्यानंतर तुमची आठवण आली की मला तुम्ही अशाच दिसता, बसलेल्या, माझ्याकडे बघत. नऊ दिवसांपासून मात्र त्या नजरेकडे मला नीट बघवत नाही. म्हणून लिहिते आहे.

आठवीचा वर्ग. मुलींची शाळा, पत्र्याचं छप्पर, खिडकीतून उतारावरचं अर्धं गाव आणि त्याच्या खाली पूर्णा. येलदरीच्या धरणातून पाणी सोडलं की नदी भरायची, एरवी वाळूत एका कडेनं जायची. इतिहासाच्या पुस्तकात रायगड होता, पानिपत होतं. आपल्याकडचा म्हणून हैदराबादचा एक धडा होता, तोही अगदी शेवटी आणि परीक्षेच्या तोंडावर आल्यामुळे कायम राहून जाणारा. तुम्हाला ते सलायचं. चारठाण्याला सहल नेलीत तेव्हा आम्ही त्या उंच दगडी खांबाकडे माना वर करून बघत होतो आणि तुम्ही म्हणालात, "कुणी बांधलं ते पाटीवर आहे. हा दगड इथपर्यंत ओढून कुणी आणला, ते विचारा." कुणाला विचारायचं, हे आम्हाला कळलं नाही. मग त्या वर्षी तुम्ही शाळेच्या हस्तलिखिताचा विषयच काढलात: आपल्या गावाच्या गल्ल्या. आणि नियम घातलात की स्वतःच्या गल्लीबद्दल कुणीही लिहायचं नाही. "आपल्या गल्लीबद्दल माणूस बढाई मारतो. दुसऱ्याच्या गल्लीत जाऊन विचारावं लागतं."

मोमीनपुऱ्यातली मुलगी वाणी गल्लीत गेली. भीमनगरातली कुंभारवाड्यात. तेल्यांच्या मुलीला मारवाडी गल्ली मिळाली, तिनं चार पानं भरून तिथं काय काय खाल्लं ते लिहिलं, आणि तुम्ही भर वर्गात म्हणालात, "हा इतिहास आहे का फराळ?" तुमच्या टेबलावर चिठ्ठ्या नव्हत्या, बाई. तुम्ही एकेकीकडे बघून गल्ली सांगत होतात. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत आणि म्हणालात, "तू भोईगल्ली."

आमचं घर तुम्हाला ठाऊकच होतं. घाटावरून बाजारात यायची सरळ वाट आमच्या दारावरून जाते. माळवदाचं घर, पुढे दुकान, मागे परस. आजोबांना, म्हणजे आप्पांना, मी फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलेलं. खेड्यातून हात हलवत आले आणि शून्यातून हे घर उभं केलं, असं आमच्या घरात सांगायचे. परसात कढीपत्त्याला आळं करताना मातीतून काचेचे तुकडे निघायचे, हिरवे, लाल, एखादा सोनेरी ठिपक्यांचा. बांगड्यांचे. मी ते पावडरच्या रिकाम्या डब्यात साठवत असे. आई म्हणायची, "पहिल्या बायकांच्या फुटलेल्या असतील." आणखी एक गोष्ट आम्हा मुलांना माहीत होती. लग्नसराईत सगळ्यांच्या वराती आमच्या दारावरून जायच्या, फक्त भोईगल्लीतल्या नाहीत. त्या घाट चढून मोमीनपुऱ्याला वळसा घालून जायच्या आणि आम्हाला माळवदावरून नुसता बँड ऐकू यायचा. का, म्हणून विचारलं तर आई सांगायची, "त्यांचा देव तिकडून हाय."

त्या दुपारी मी वही घेऊन निघाले, भोईगल्लीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाच्या झाडापर्यंत गेले आणि परत आले. मासळीचा वास आला म्हणून, असं मी घरी सांगितलं. पुढे आयुष्यभर तेच सांगत आले. आई भाकरी थापत होती. "आलीस का परत? बरं झालं," ती म्हणाली. "काहीतरी लिही की. भोयाकडं कोण जायलंय खरंखोटं बघायला?" मी चुलीजवळ बसले. वही कोरी होती. आईनं आमटीतून पळी काढली आणि चव बघायला तळहातावर दोन थेंब पाडले. तेवढ्यावरून मी अख्खी रीत रचली. भोईगल्लीतली मुलगी सासरी निघाली की तिचा बाप आपलं वल्हं नदीत बुडवतो, वर उचलतो आणि त्यावरून निथळणारं पाणी लेकीच्या ओंजळीत धरतो. ते पाणी ती बाटलीतून सासरी नेते आणि तिथल्या उंबऱ्यावर शिंपडते, म्हणजे तिथल्या नदीला कळतं की ही पाण्यातलीच लेक आहे. लिहिताना मला रडू आलं होतं. खोटं लिहिताना इतकं खरं रडू येतं, हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

हस्तलिखितात माझा लेख पहिला लागला. तुम्ही तो वर्गात वाचून दाखवलात, सावकाश, एकदाही माझ्याकडे न बघता. मग शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत आणि एक कोरी वही दिलीत, जाड पुठ्ठ्याची, तांबड्या पाठीची. पाठीवरून हात फिरवलात. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात एकच ओळ होती: "विचारून लिहीत जा." मला तो आशीर्वाद वाटला, बाई. माझ्या पहिल्या चारही गोष्टी मी त्याच वहीत लिहिल्या. लग्नानंतर चार घरं बदलली, ती वही प्रत्येक घरात आली. लोक विचारतात, लेखनाकडे कशा वळलात, तेव्हा मी त्या ओळीची गोष्ट सांगते. किती सभांमध्ये सांगितली असेल. टाळ्याही घेतल्या आहेत.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एकीचा फोन आला. ते हस्तलिखित सापडलं आहे, गावाचा इतिहास म्हणून त्याचं छापील पुस्तक करायचं आहे. "प्रस्तावना तूच लिही. तुझा लेख तर गावाला पाठ आहे!" गावाला पाठ म्हणजे काय, ते मला कळेना. तिनं सांगितलं की कुणीतरी तो एका दिवाळी अंकात घेतला होता, तिथून कुणी भाषणात घेतला, आणि आता घाट नव्यानं बांधला तेव्हा तिथल्या फलकावर ती रीत लिहिली आहे. मी फोनवर हसले. नंतर जेवण गेलं नाही. आधी जाऊन बघू, कुणाला तरी खरं विचारू आणि तो लेख पुस्तकातून काढून टाकायला सांगू, असं ठरवून मी बसमध्ये बसले. देवगाव फाट्याला गाडी बदलली, तिथं पेरू घेतले आईसाठी, आणि घरी न जाता सरळ घाटावर गेले.

घाटावर लग्न होतं, बाई. म्हणजे लग्न लागून गेलं होतं, नवरी निघायची होती. हिरवा शालू, मुंडावळ्या, दहा-पंधरा मोबाइल वर धरलेले. तिचा बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा. त्यानं वल्हं बुडवलं, वर उचललं, आडवं धरलं. मुलीनं ओंजळ पुढे केली. पाणी निथळून तिच्या मेंदीवर पडत होतं आणि बाप रडत होता, मोठा, दाढीवाला माणूस, पोरासारखा. मुलगी म्हणाली, "पप्पा, पुरे, सांडायलंय." तो म्हणाला, "सांडू दे."

मी पायरीवर बसले ती बसलेच. माझी आमटीची पळी होती ती. माझ्या आईच्या तळहातावरचे दोन थेंब.

शेजारी एक म्हातारी बसली होती, नवरीची पणजी, पंचाऐंशीच्या आसपासची. सुनांनी खुर्ची आणली होती, पण ती पायरीवरच बसली होती. तिनं मला न्याहाळलं. "तुमी आप्पाच्या घरातल्या न्हवं?"

मी हो म्हटलं. विचारायचं म्हणून विचारलं, "आजी, ही रीत कधीपासूनची?"

ती दात नसलेलं हसली. "तुमी लिव्हली तवापासूनची."

मागची एक सून म्हणाली, "आत्या, पावण्यांची मस्करी करायलाव का?"

"गप गं. मस्करी कशाची? हीच ती पोरगी. लिंबापतोर आल्ती. मी हाक मारली तर पळाली." मग माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "बस. तवा पळालीस, आता ऐक."

पोलीस ॲक्शनच्या वर्षी, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, ती आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या बापाची नाव होती. आधी रझाकारांच्या भीतीनं इकडचे लोक तिच्या बापानं पलीकडे नेले होते, आणि भारताची फौज आल्यावर मोमीनपुऱ्यातले लोक नेले. "तोच नावाडी, तीच नाव," म्हातारी म्हणाली. "भ्यालेलं माणूस सारखंच बसतंय नावंत, गुडघे पोटात घेऊन." त्यात घाटावरच्या वाटेवर राहणारं मणियाराचं, म्हणजे बांगड्या भरणाऱ्याचं, कुटुंब होतं. म्हातारा, त्याची बायको, एक लेक. गावातल्या सगळ्या बायकांचे हात त्या म्हाताऱ्यानं भरलेले. पहाटे त्यांना पोचवायला घाटापर्यंत एक माणूस आला होता, त्यांचा दोस्त, नुकताच खेड्यातून गावात आलेला. मणियारानं त्याच्या हातात घराची किल्ली दिली. अमानत आहे, सांभाळ, म्हणाला. निवळलं की येतो.

"आमचे आप्पा?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"व्हय. दोन वर्सांनी आला की मणियार. एकटाच. माज्या बापाच्याच नावंतून. ह्या इथं उतरला, दाढी विंचरली, वर गेला. घटकाभरात परत आला. बापानं इचारलं, चाचा, काय झालं? तर म्हणला, दोस्तानं दारातच इचारलं, कोणतं घर?"

नवरीची गाडी सुरू झाली होती, बायका हाका मारत होत्या.

"त्याच्या पेटीत बांगड्या व्हत्या. मला म्हणला, बेटी, हात दे. तुज्या लग्नाच्या आत्ताच भर, मी काय परत येणार न्हाई. डझनभर भरल्या दोन्ही हातांत. ढिल्या व्हत्या. मोठी झाल्यावर बसतील म्हणला. मग गेला. बापानं त्या दिवशी भोयांची बैठक बसवली. तवापासून आमची नवरी तुमच्या दारावरून जात न्हाई. हात भरलेली बाई त्या दारावरून न्यायची न्हाई. ही आमची रीत. ही खरी."

बाई, मला वाटलं इथं संपलं. पण ती म्हणाली, "तुज्या बाईला बी म्या हेच सांगितलं."

तुम्ही गेला होतात. लेख वाचून झाल्यावर, हस्तलिखित शिवायच्या आधी, छत्री घेऊन भोईगल्लीत गेला होतात आणि विचारलं होतं, ही रीत तुमची आहे का. ती हसली होती. असलं काही नाही, म्हणाली होती. मग तुम्ही विचारलंत, मग खरी कोणती? आणि तिनं सांगितली. "समदं ऐकलं. मग पाणी मागितलं आन् प्याली. तुमच्यातलीच, लिंगायताची, पर भोयाच्या घरचं पाणी प्याली. मग म्हणली, पोरीचा लेख खोडू का? मी म्हणलं, नगं."

"का, आजी?"

"का म्हंजे? आमच्याकडं लेकीला द्यायला काय व्हतं? एका दारावरून न जाणं. ती का रीत हाय? ती तर जखम. तुज्या बाईनं मला तुजं लिव्हलेलं दोनदा वाचून दाखिवलं. चांगलं वाटलं. पुढच्या साली माज्या धाकट्या लेकीचं लगीन निघालं, तिच्या बापाला म्हणलं, धरा वल्हं."

घरी गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. पेरूची पिशवी मी तिच्यासमोर ठेवली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"लगीन होऊन आले त्याच्या चौथ्या दिवशी सासूबाईनं सांगितलं. का, तर मी परसात खणायला लागले व्हते. तिथं खणू नको, म्हणाल्या." ती गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून बसली होती. "त्यांना बी सोसलं न्हाई गं. पर आप्पासमोर बोलायची कुणाची छाती व्हती?"

"आणि मी भोईगल्लीतून परत आले तेव्हा बरं झालं म्हणालीस ते..."

"तू तेरा वर्सांची व्हतीस. तुला काय सांगू? तू जेवतीस ती चूल कुणाची हाय म्हणून?" मग मेथीची जुडी पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "मी दर लग्नसराईत दारात बसते. वाटतंय, एखादी तरी वरात चुकून येईल."

तेवढ्यात भाऊ दुकानातून आत आला, त्यानं अर्धं ऐकलं होतं. "ताई, तू हे लिहिणार नाहीस ना? घर माझ्या नावावर आहे. लोक काय म्हणतील?"

उत्तर आईनं दिलं. "लोक सत्तर वर्सं वळसा घालून जायलेत. अजून काय म्हणायचं राहिलंय?"

बाई, नऊ दिवस मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही मला मुद्दाम त्या गल्लीत पाठवलंत की तो योगायोग होता? म्हातारीला भेटायच्या आधी तुम्हाला यातलं काही ठाऊक नसेल, तर माझ्याकडे तेवढा वेळ का बघितलंत? आणि ठाऊक झाल्यावर गप्प का बसलात? आम्ही तुमच्यातले, म्हणून? माझ्या बापाच्या दुकानातून तुमच्या घरचा किराणा जायचा, म्हणून? का तुम्हाला वाटलं, ही पोर मोठी होईल, वहीचं पहिलं पान उघडून बघेल आणि एक दिवस कळेल तिला की ही ओळ म्हणजे शाबासकी नाही? ती छडी होती, बाई. इतक्या मऊ हातानं मारलेली की लागायला तेहतीस वर्षं गेली. कधी मला तुमचा संताप येतो. कधी वाटतं, तुम्ही भर वर्गात माझं खोटं उघडं केलं असतं तर मी पुन्हा कधी लिहिलंच नसतं, आणि त्या दाढीवाल्या माणसाला आपल्या लेकीच्या ओंजळीत काय धरावं, हे कळलं नसतं. पण मणियाराचं काय? तो हिंगोलीकडे गेला की हैदराबादला, म्हातारीला सांगता येईना. त्याची लेक कुठेतरी म्हातारी झाली असेल, तिच्या हातात कुणी बांगड्या भरल्या असतील. त्या तिघांच्या वाट्याला तुमचं गप्प बसणंही आलं आणि माझी गोष्टही. माझ्या सुंदर गोष्टीनं त्यांना दुसऱ्यांदा गावाबाहेर काढलं.

प्रस्तावना काल पाठवली. तिच्यात दोन्ही रीती लिहिल्या आहेत, कोणती माझी आणि कोणती खरी, तेही. मणियार गावात कुठे राहत होता, ते लिहिलं. किल्ली लिहिली. आप्पांचे ते दोन शब्दही लिहिले. फोन करणारी मैत्रीण अजून काही बोललेली नाही. भाऊही नाही. आईचा आज सकाळी फोन आला, ती एवढंच म्हणाली, "परसातलं आळं उकरून घेतलंय. तुकडे धुऊन कोनाड्यात ठेवलेत."

एक गोष्ट मात्र प्रस्तावनेत नाही, आणि ती मी दुसऱ्या कुणाला सांगेन असं वाटत नाही. म्हातारीनं मला लिंबाखाली हाक मारली, ती मी ऐकली होती. तिचे शब्द मला आजही पाठ आहेत: "ए पोरी, मणियाराच्या घरातली न्हवं का तू? ये, बस, सांगते." लिंबापासून आमच्या दारापर्यंत चढ आहे. तो चढताना माझ्या मनात ते नाव आणि परसातली काच एकमेकांशेजारी येऊन बसली. सगळं कळलं नव्हतं, पण विचारायला नको, एवढं कळलं होतं. मी आधी परसात गेले, पावडरचा डबा आळ्यात उपडा केला, वरून माती लोटून पायानं दाबली, आणि मग आईजवळ जाऊन लिहायला बसले. त्या दिवशी वारा गावाकडून नदीकडे होता. वास वगैरे काही आला नव्हता, बाई.